शोसाँ ओ पॉम घरी करताना तळ कच्चा राहतो, बटर गळतं, कडा उघडतात

दुपारचं_ऊन
फ्रेंच बेकरीत सकाळी क्रुआसाँच्या शेजारी मिळणारं, करंजीच्या आकाराचं, आत सफरचंद असलेलं शोसाँ ओ पॉम घरी करायचं आहे. यीस्टचा डॅनिश प्रकार नको, साध्या पफ पेस्ट्रीचाच हवा.

आतापर्यंत घेतलेलं प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, पाणी १२५ मिली, मीठ अर्धा चमचा आणि घड्यांमध्ये बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम. एकूण ४ घड्या. सारणासाठी काश्मिरी लाल सफरचंद किसून त्यात साखर आणि दालचिनी, न शिजवता. कडेला करंजीसारखी मुरड. वरून अंडं. ओटीजी १८० अंशावर, २५ मिनिटं. स्वयंपाकघराचं तापमान दुपारी ३१ अंश.

अडचणी अशा: तळ ओला आणि पिठूळ राहतो, ट्रेमध्ये बटरचं तळं साचतं, एक बाजू फुगते पण दुसरी बसलेली असते, आणि दोनतीन नग तरी कडेला उघडून सारण बाहेर येतं. शिवाय तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अंड्याशिवाय वरचा रंग कसा आणायचा? आदल्या दिवशी करून सकाळी फक्त भाजता येईल का? आणि बटरच्या लादीऐवजी चिरोट्याचा साटा लावला तर?

पदर_पदर
आधी सारण, कारण तळ कच्चा राहण्याचं मूळ तिथे आहे. कच्च्या सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. किसून त्यात साखर घातली की ते पाणी भाजायला ठेवण्याआधीच सुटायला लागतं. खालच्या पदरात ते मुरलं की तिथलं तापमान १०० अंशाच्या वर जातच नाही. पाणी उडून जाईपर्यंत तो भाग भाजला न जाता उकडला जातो. ओव्हन कितीही चांगला असो, पाणी आतच असेल तर तळ खुसखुशीत होणार नाही. फ्रान्समध्येही या सारणाला शिजवून आटवलेला गरच वापरतात.

१० नगांसाठी: अख्खी सफरचंदं ७०० ग्रॅम. सालं आणि बिया काढून साधारण ५५० ग्रॅम फोडी मिळतील. त्यात साखर ५० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, बटर २० ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे. जाड बुडाच्या पसरट स्टीलच्या भांड्यात झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं. लोखंडी कढई घेऊ नका, आंबटपणामुळे गर काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. मग झाकण काढा, डावाच्या पाठीने ठेचा आणि मध्यम आचेवर सतत ढवळत आटवा.

कुठे थांबायचं हे घड्याळावर ठरवू नका, वजनावर ठरवा. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवा. सारण ४०० ग्रॅमवर आलं की बंद. वजनकाटा नसेल तर थंड बशीवर चमचाभर गर ठेवून बशी तिरकी करा. गराभोवती पाण्याची कड दिसली तर अजून आटवायचं आहे. भांड्याच्या तळाशी डाव ओढल्यावर पडलेली वाट दोनतीन सेकंद तशीच उघडी राहिली पाहिजे.

नंतर ताटात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये किमान २ तास ठेवा. कोमट सारण भरलं तर त्याला लागून असलेलं बटर तिथल्या तिथे वितळतं, आणि वितळलेल्या बटरचे पदर पुन्हा होत नाहीत.

दालचिनी घालायची तर चिमूटभर. फ्रेंच बेकऱ्यांत बहुधा व्हॅनिला असतो किंवा काहीच नसतं, आणि बटरची चव पुढे यायला तेच बरं. वेलची माझ्या मते इथे नकोच, ती बटरवर मात करते.

लाटणं_आणि_ओटा
सारणाबद्दल वर लिहिलेलं सगळं बरोबर आहे. मी पिठाबद्दल लिहितो.

३१ अंशाच्या स्वयंपाकघरात बटरची लादी लाटता येत नाही. बटर साधारण १३ ते १६ अंशांना लवचीक असतं. त्याहून थंड असलं तर मोडतं, त्याहून बरंच गरम झालं तर तेल सुटून मैद्यात जिरतं. मैद्यात जिरलेलं बटर पदर वेगळे ठेवू शकत नाही, आणि भाजताना तेच ट्रेमध्ये उतरतं. म्हणजे तुमच्याकडचं तळं ओव्हनमध्ये नाही, ओट्यावरच तयार झालेलं आहे.

दुसरं कारण घड्यांची संख्या. तीनपदरी घडी असेल तर बटरचे थर ३, ९, २७, ८१ असे वाढतात. ४ घड्यांवर थांबलात म्हणजे ८१. एवढ्याशा मैद्यात २०० ग्रॅम बटर ८१ थरांत म्हणजे थर जाड, आणि जाड थरातलं बटर धरून ठेवायला मैद्याचा पापुद्रा पुरत नाही. नेहमीची रीत ६ घड्यांची आहे, म्हणजे ७२९. गरम हवेत मी ५ वर थांबायला सांगेन, २४३ थर पुष्कळ होतात. शेवटची घडी उन्हाळ्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त करते, कारण थर इतके पातळ होतात की जरा ऊब लागली तरी एकमेकांत मिसळतात.

प्रमाण असं घ्या: मैदा २५० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, गार बटरचे तुकडे ३० ग्रॅम, व्हिनेगर १ छोटा चमचा, बर्फाचं पाणी ११५ ते १२५ मिली. लादीसाठी बटर १८० ग्रॅम. बटर मिठाचं असेल तर मैद्यात मीठ अजिबात घालू नका.

३० ग्रॅम बटर मैद्यात चोळा, व्हिनेगर घातलेलं पाणी थोडंथोडं घाला आणि गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा. पोळीच्या कणकेसारखा तिंबायचा नाही. गोळा खडबडीत दिसला तरी चालेल. तिंबला की चिवटपणा वाढतो, मग लाटलेलं पीठ रबरासारखं मागे येतं आणि भाजताना आकार आक्रसतो. चपटा करून, झाकून २ तास फ्रिजमध्ये.

बटर दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटण्याने ठोका आणि १५ सेंटीमीटरचा चौकोन करा. ठोकल्याने ते गार राहूनही लवचीक होतं, हे महत्त्वाचं. तपासायचं असं: लादी कडेला किंचित वाकवली तर मोडू नये, बोटाचा ठसा उमटावा, पण बोट तेलकट होऊ नये. मैद्याचा गोळा दाबून पाहा, दोन्ही सारखेच घट्ट लागले पाहिजेत. बटर कडक आणि पीठ मऊ असेल तर आत बटरचे तुकडे पडतात. लाटताना वरून नकाशासारखे पिवळे ठिपके दिसले की समजायचं बटर मोडलं. तेव्हा ५ मिनिटं बाहेर ठेवून मगच पुढे लाटा.

मैदा २२ सेंटीमीटरचा चौकोन लाटा, त्यावर बटर तिरकं ठेवा आणि चारही कोपरे पाकिटासारखे मध्यभागी आणून चिमटून बंद करा. १५ बाय ४५ सेंटीमीटर लाटा, वरचा कोरडा मैदा ब्रशने झटका आणि पत्राची घडी घालतात तशी तीनपदरी घडी घाला. कोरडा मैदा आत राहिला तर घड्या एकमेकींना धरत नाहीत. पाव फेरा वळवून दुसरी घडी. मग ४५ मिनिटं फ्रिज. पुन्हा दोन घड्या, पुन्हा ४५ मिनिटं, मग शेवटची एक आणि किमान १ तास विश्रांती.

गरम घरात एका वेळी ओट्यावर ५ मिनिटांपेक्षा जास्त काम नको. ग्रॅनाइटच्या ओट्यावर बर्फाने भरलेला ट्रे १० मिनिटं ठेवा, मग ओटा अगदी कोरडा पुसून लाटायला घ्या. एसी असेल तर २२ अंशांवर त्या खोलीतच काम करा. दुपार टाळून पहाटे लाटलंत तर निम्मा त्रास कमी होईल.

दुपारचं_ऊन
दोघांचेही मनापासून आभार. वजनावर थांबायचं हे आधी कुठेच वाचलं नव्हतं. एक शंका: फ्रिजमधून ४५ मिनिटांनी काढल्यावर बटर दगडासारखं लागतं आणि लाटताना मोडतं. वेळ कमी करू का?

लाटणं_आणि_ओटा
वेळ कमी करू नका. ती विश्रांती मैद्याचा ताण सुटण्यासाठीही आहे. बाहेर काढल्यावर ३१ अंशात ५ ते ८ मिनिटं थांबा, मग लाटणं फिरवण्याआधी लाटण्याने हलके ठोके देत पीठभर जा. ठोकून बटर सरकायला लागलं की लाटा.

निळी_बरणी
मी फ्रान्समध्ये राहते, त्यामुळे आकार आणि भाजणं याबद्दल. मला वाटतं तुमच्या कडा उघडायचं आणि एक बाजू बसायचं कारण मुरड हेच आहे.

करंजीत मुरड शोभते कारण तिथे कड फुलायची गरज नसते. पफ पेस्ट्रीत मात्र कापलेली कडच वर उचलली जाते. ती दुमडून दाबली की सगळे पदर एकमेकांना चिकटतात, वाफेला वाट मिळत नाही, आणि जिथे मुरड सैल तिथून ती फाडून बाहेर पडते. त्यामुळे मुरड नको, काट्याने दाबणंही नको.

असं करा. पीठ ३ मिलिमीटर जाड लाटा. लाटल्यावर एकदा उचलून सैल सोडा, म्हणजे जे आक्रसायचं ते कापण्याआधीच आक्रसेल. १२ सेंटीमीटरच्या चकत्या कापा. धारदार गोल कटर सरळ खाली दाबा, फिरवू नका, आणि बोथट वाटीची कड वापरू नका. बोथट कडेने पदर चेपले जातात, मग ती बाजू फुगत नाही. आता लाटणं चकतीच्या फक्त मधल्या भागावर फिरवून ती १६ सेंटीमीटर लांब करा. दोन टोकं जाडच राहतील, तीच एकमेकांवर येणार आहेत.

अर्ध्या भागावर ४० ग्रॅम सारण, कडेपासून दीड सेंटीमीटर सोडून. कडेला पाण्याचं बोट फिरवा. अंडं नको, आणि पाणीही ओघळेल इतकं नको. घडी घालून कडेच्या आतल्या बाजूने, सारणाभोवती, बोटाच्या पेराने दाबा. अगदी कापलेल्या टोकाला हात लावू नका.

मग नग उलटा करून ट्रेवर ठेवा. इथले बेकर असंच करतात. खालची सपाट बाजू वर येते, सांधा खाली जातो आणि फुगणं एकसारखं होतं. १ तास फ्रिज. त्यानंतर वरून सुरीच्या टोकाने पानाच्या शिरांसारख्या रेघा ओढा, पहिला पदर जेमतेम कापेल इतक्याच, आणि तीनचार ठिकाणी आरपार टोचून वाफेला वाट करा. ही भोकं विसरलात तर बाकी सगळं नीट करूनही बाजू फाटू शकते.

वरचा रंग दोनदा लावा, पहिला हात वाळल्यावर दुसरा. कडेवरून खाली ओघळू देऊ नका. ओघळलेलं अंडं भाजताना गोंदासारखं पदर धरून ठेवतं, आणि नेमकी तीच बाजू बसते.

अंड्याशिवाय: २ मोठे चमचे दूध, १ छोटा चमचा साय आणि चिमूटभर साखर. रंग अंड्याइतका गडद येत नाही, पण खरी चकाकी नंतरच्या पाकाने येते. ५० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाणी एक उकळी येईपर्यंत. नग ओव्हनमधून काढल्याबरोबर हा पाक ब्रशने पातळ लावायचा. उष्णतेने पाणी उडून जातं आणि वर काचेसारखा थर राहतो. बेकरीतली चमक बहुतेक वेळा याचीच असते.

सफरचंदाबद्दल थोडं. इथे रेनेट, बॉस्कॉप अशी आंबट जात किंवा गोल्डन घेतात. लाल डिलिशस गोड असतं पण आंबटपणा कमी आणि शिजल्यावर पिठूळ. ते टाकाऊ नाही, पण लिंबाशिवाय सारण सपक होतं. परदेशी हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर अर्धं ते आणि अर्धं लाल घ्या, साखर ५० वरून ७० ग्रॅम करा. दाताखाली फोड लागावी असं वाटत असेल तर एक तृतीयांश हिरव्या सफरचंदाच्या बारीक फोडी बटरवर वेगळ्या परतून गार गरात मिसळा. मला हाच प्रकार सर्वांत आवडतो.

शोसाँ म्हणजे घरात घालायच्या मऊ सपाता. आकारावरून नाव पडलं. फ्रान्समधल्या ‘सार्थ’ नावाच्या भागात सें-काले या छोट्या गावात दर सप्टेंबरात याच पदार्थाची जत्रा भरते.

पदर_पदर
भाजण्याबद्दल राहिलं. १८० अंश सुरुवातीला कमी पडतात. ओव्हन मंद असेल तर मैदा घट्ट होण्याआधी बटर वितळून निघून जातं. २०० अंशावर, दोन्ही रॉड लावून, २० मिनिटं ओव्हन तापवा. १५ मिनिटं २०० वर, मग १८० वर अजून २० ते २५ मिनिटं. पंखा असलेला ओव्हन असेल तर दोन्ही वेळी २० अंश कमी ठेवा. पहिली २० मिनिटं दार उघडू नका. छोट्या ओटीजीत बाहेरच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक पडू शकतो, म्हणून आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्याच.

ट्रे पातळ ॲल्युमिनियमचा किंवा काळा पत्र्याचा, बटर पेपर घालून, खालून दुसऱ्या खाचेत. सिलिकॉनची चटई नको, ती तळाला उष्णता कमी पोचू देते. २५ मिनिटांत वरून सोनेरी दिसतं आणि आपण काढतो, हीच चूक. एक नग उचलून तळ पाहा. तळ तपकिरी हवा, कडेचे पदरही फिके नकोत. काढल्यावर लगेच जाळीवर ठेवा, ट्रेवरच राहिलं तर खालची वाफ तळ पुन्हा मऊ करते.

ट्रेवर थोडी तेलकट कड दिसली तर घाबरू नका, तेवढं सुटतंच. तळं साचलं तर मात्र पिठात गडबड आहे.

चिरोटे_दहा
साट्याचा प्रश्न राहिला, तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे पदर सोडवायची कला आहेच, फक्त ती वेगळ्या रीतीने चालते.

चिरोट्याचा साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेटून केलेला. त्याचं काम पोळ्यांना एकमेकींना चिकटू न देणं. चिरोटा तळताना गरम तूप कापलेल्या बाजूने पदरांच्या मध्ये शिरतं आणि ते सुटतात. शोसाँ तळत नाही, भाजतो. तिथे उचलायचं काम वाफेचं आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, ते आणि मैद्यातलं पाणी यांची वाफ पदर वर ढकलते, आणि वितळलेलं बटर ती वाफ पदरापदरांत अडवून धरतं. तुपात पाणी जवळजवळ नसतं. साटा लावून भाजलं तर पदर दिसतील पण फुगणार नाही. पापडी होईल, खुसखुशीत पण चपटी. चव वाईट नाही, पण तो वेगळा पदार्थ.

घरचं लोणी लादीसाठी वापरायचा मोह होतो. त्यात ताक आणि पाणी कमीजास्त राहतं, आणि जास्त पाणी असलं तर लाटताना ते बाहेर येऊन मैदा चिकट होतो. वापरायचंच असेल तर बर्फाच्या पाण्यात पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, फडक्यात दाबून कोरडं करा आणि १० टक्के मैदा मिसळून लादी करा. ही युक्ती विकतच्या बटरलाही गरम हवेत मदत करते: १८० ग्रॅमला १८ ग्रॅम मैदा.

आपल्या बेकऱ्यांतली खारी उन्हाळ्यातही फुगते ती पफ मार्गारिनमुळे, म्हणजे बटरऐवजी वापरतात त्या वनस्पती चरबीमुळे. ते बटरपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळतं, म्हणून लाटायला सोपं. पण तोंडात पूर्ण वितळत नाही, टाळूला थर राहतो. खारी चहात बुडते म्हणून ते जाणवत नाही. सफरचंदाबरोबर लगेच जाणवतं. विकतची गोठवलेली पफ शीट घेणार असाल तर पाकिटावर बटर लिहिलंय की वनस्पती चरबी, एवढं वाचा.

दुपारचं_ऊन
मुरडीचं आणि साट्याचं कारण आता नीट कळलं. सकाळी भाजायचं असेल तर नक्की कुठल्या टप्प्यावर थांबायचं?

निळी_बरणी
भरून, उलटून, रेघा ओढून, भोकं पाडून. रेघा अर्धवट गोठलेल्या पिठावर सर्वांत स्वच्छ येतात. ट्रेवर सुटे ठेवून ३ तास डीप फ्रीझरमध्ये, मग हवाबंद डब्यात मध्ये बटर पेपर घालून. महिनाभर चांगले राहतात. सकाळी न वितळवता थेट भाजा. आधी वितळवले तर बाहेरच्या पदरावर पाणी धरतं आणि तुमचा ओला तळ परत येतो. दुधाचा किंवा अंड्याचा हात भाजायच्या आधी लावा, भोकं बुजली असतील तर पुन्हा टोचा. २०० वर १५ मिनिटं, मग १८० वर २५ ते ३०.

फक्त रात्रभरच थांबायचं असेल तर फ्रिज चालेल, पण १२ तासांच्या पुढे नको. कितीही आटवलं तरी सारणातला ओलावा हळूहळू खाली उतरत राहतो.

उरलेले भाजलेले नग १६० वर ८ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पदर मिनिटभरात चिवट होतात. आणि काढल्यावर निदान २० मिनिटं थांबून खा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. बाहेरचं कवच गार लागतं तेव्हाही आतला गर जीभ भाजेल इतका गरम असतो.